किनाऱ्यावरचा धूर आणि कायद्याचा हात

गोव्याच्या बार्देश तालुक्यातील हणजूण गावाचा किनारा सूर्यास्ताच्या सुमारास पाहावा. काळ्या खडकांवर पर्यटकांचे घोळके बसलेले असतात. मुले पाण्यात खेळत असतात आणि शॅकमधून तळलेल्या मासळीचा वास येत असतो. अशा वेळी एखाद्या घोळक्यातून चिलीम किंवा हाताने वळलेली सिगारेट हातोहात फिरू लागते. तो धूर कशाचा आहे, हे जाणत्याला सांगावे लागत नाही. तेवढ्यात वरच्या पायवाटेवर खाकी पोशाखातला एक शिपाई दिसू लागतो. त्या क्षणी त्याने काय करावे?

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. शॅकवाल्याला गिऱ्हाईक हवे असते. परंतु आपल्या जागेत असे सेवन होत आहे हे ठाऊक असूनही त्याने ते होऊ दिले, तर तोही कायद्याने अपराधी ठरतो. लेकरांना घेऊन फिरायला आलेल्या आईला तो धूर नकोसा वाटतो. परगावचा पर्यटक समजतो की, गोव्यात हे सारे चालतेच. आणि ज्यांचे घर त्या किनाऱ्यापासून दोन हाकांच्या अंतरावर आहे, त्या गावकऱ्यांना आपल्या गावाचे नाव कशासाठी घेतले जाते ह्याची चिंता लागलेली असते. ह्या सर्वांचे म्हणणे एकाच वेळी त्या शिपायाच्या पुढे उभे असते.

ह्या वनस्पतीशी गोव्याचा संबंध जुना आहे. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने भारतातील औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजरातच्या बहादूरशहा सुलतानाची एक गोष्ट ओर्ताने तेथे नमूद केली आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान अशा दूरदूरच्या देशांची सफर करावीशी वाटली की आपण थोडी भांग घेतो, एवढेच पुरते, असे सुलतानाने मार्तीं आफोन्सु द सोझा ह्यास सांगितले होते म्हणे. सुलतान घरबसल्या परदेशी जात असे. पुढे चारशे वर्षांनी परदेशचे लोक त्याच ओढीने गोव्याला येऊ लागले.

मधल्या काळात इंग्रज सरकारने ह्या प्रश्नाची जी चौकशी केली, ती आजही वाचण्यासारखी आहे. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावरून १८९३ साली एक आयोग नेमण्यात आला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते. बंगालमधील नौगाव आणि मध्यप्रांतातील खांडवा ही त्या काळी गांजाच्या लागवडीची प्रसिद्ध ठिकाणे होती. आयोगाने गावोगावच्या साक्षी घेऊन सात खंडांचा अहवाल दिला. मर्यादित सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिरेक मात्र घातक असतो. यास्तव सरसकट बंदीपेक्षा परवाने, कर आणि देखरेख हा मार्ग बरा, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे बराच काळ देशाच्या अनेक भागांत गांजा आणि भांग परवान्याच्या दुकानांतून विकली जात होती.

१९६१ हे वर्ष ह्या कथेत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली अमली पदार्थांविषयीचा जागतिक करार झाला आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला. परंपरागत सेवन बंद करण्यासाठी करारात पंचवीस वर्षांची मुदत ठेवलेली होती आणि नुसती पाने व्याख्येबाहेर राहिली होती. ही मुदत चालू असतानाच, साठाच्या दशकाच्या उत्तरार्धात, युरोप-अमेरिकेतील हिप्पी तरुण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशी खुष्कीची वाट तुडवीत भारतात आले आणि कळंगुट, हणजूण, वागातोर येथे राहू लागले. प्रथम गावकऱ्यांना त्यांचे नवल वाटले. मग त्यांना भाड्याने खोल्या दिल्या गेल्या. मग त्यांच्या मागोमाग त्यांना पाहायला येणारे आले. हणजूणचा बुधवारचा बाजार त्याच काळाचे अपत्य होय. हिप्पी पांगले, परंतु त्यांच्या नावाने जमलेली कीर्ती गावाच्या मानेवर तशीच राहिली.

करारातील मुदत संपत आली असता संसदेने १९८५ साली अमली औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा कायदा संमत केला आणि त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. गांजा म्हणजे ह्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ, अशी कायद्याची व्याख्या आहे. शेंड्यांवाचून असलेली पाने तीत येत नाहीत, म्हणून होळीची किंवा शिवरात्रीची भांग ह्या कायद्याच्या कचाट्याबाहेर राहिली. २००१ साली शिक्षा वजनाशी जोडण्यात आली. गांजा एक किलोपर्यंत आणि चरस शंभर ग्रॅमपर्यंत असल्यास ते अल्प प्रमाण; गांजा वीस किलो किंवा चरस एक किलो झाला की ते व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे, तर अल्प प्रमाण बाळगण्यास एक वर्षापर्यंतची. केवळ सेवन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ह्या कायद्याचा सारा विचार पदार्थाचा आणि वजनाचा आहे. सेवनाच्या शिक्षेत जागेचा विचार नाही. एखाद्याने दार लावून खोलीत गांजा ओढला काय आणि भर किनाऱ्यावर लहान मुलांच्या शेजारी ओढला काय, सेवनाचा अपराध एकच. वास्तविक गावाची तक्रार ह्या दुसऱ्या गोष्टीची असते. बंद खोलीतल्या गोष्टीचा गावाला फारसा उपद्रव नसतो. उपद्रव होतो तो सार्वजनिक जागेचा. ज्या गोष्टीची तक्रार आहे तिला कायद्यात वेगळे नाव नाही, आणि म्हणून तिच्यासाठी वेगळा, हलका उपायही नाही.

आता त्या पायवाटेवरच्या शिपायाकडे पुन्हा वळू. त्याला कायद्याप्रमाणे वागायचे झाल्यास काय काय करावे लागते? सार्वजनिक जागेत झडती घेण्याचा आणि अटकेचा अधिकार कायदा विशिष्ट खात्यांच्या शिपायाहून वरच्या दर्जाच्या, अधिकार मिळालेल्या अधिकाऱ्यास देतो; तेव्हा प्रथम तसा अधिकारी बोलवावा लागतो. अंगझडती घ्यायची तर ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी ह्यांच्यासमोर व्हावी असे मागण्याचा हक्क त्या माणसाला असतो आणि तो हक्क त्याला सांगावाच लागतो. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे निःसंदिग्धपणे बजावले आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते. पंच मिळवावे लागतात, पंचनामा लिहावा लागतो, मुद्देमाल मोजून मोहोरबंद करावा लागतो, नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. पुढे खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार पर्यटक आपापल्या गावी पोचलेले असतात. ही सारी बंधने नागरिकाच्या रक्षणासाठी आहेत आणि ती हवीतच. परंतु चिमूटभर गांजाच्या पुडीसाठी एवढा पसारा मांडायचा की काय, असा विचार त्या शिपायाच्या मनात आला तर त्याला दोष देणे कठीण आहे.

परिणामी त्याच्यापुढे तीन वाटा उरतात. एक तर न पाहिल्यासारखे करून पुढे जावे. नाहीतर सगळा पसारा मांडावा. आणि तिसरी वाट अशी की, पसाऱ्याची भीती घालून काहीतरी पदरात पाडून घ्यावे. पहिल्या वाटेने कायद्याचा धाक जातो आणि दुसरीने पोलिसांचा वेळ जातो. तिसरीने मात्र पोलिसांची अब्रू जाते. पोलीस आणि अमली पदार्थांचे विक्रेते ह्यांच्या संगनमताच्या आरोपांवरून २०१० साली गोव्यात काही पोलिसांना अटक झाली, तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि विधानसभेला सभागृह समिती नेमावी लागली. असे आरोप एकदा झाले की प्रामाणिक शिपायाच्या हातातील दंडाही हलका होतो.

इतर देशांनी ह्या गाठीपाशी काय केले ते पाहण्यासारखे आहे. हॉलंडने १९७६ साली कायदा बदलून तीव्र आणि सौम्य मादक द्रव्यांत भेद केला. गांजा तेथे कायदेशीर झाला नाही, तथापि ठरावीक दुकानांतून होणारी किरकोळ विक्री सहन केली जाऊ लागली. एका माणसाला एका वेळी पाच ग्रॅमहून अधिक द्यायचा नाही, अज्ञानांना विकायचा नाही, जाहिरात करायची नाही, शेजाऱ्यांना उपद्रव द्यायचा नाही, असे दंडक घालण्यात आले. ह्या सवलतीपायी जगभरचे पर्यटक आम्स्टरडॅमला लोटले. जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्यांत राहणाऱ्यांना रात्रीची झोप मिळेना. अखेर मे २०२३ पासून त्या वस्तीच्या रस्त्यांवर गांजा ओढण्यास बंदी झाली आणि दंड शंभर युरो ठरला. दुकानांतील विक्री बंद झाली नाही. रस्ता तेवढा रहिवाशांना परत देण्यात आला. बेल्जियमच्या सीमेजवळील मास्ट्रिख्ट शहराने तर आपल्या दुकानांत परदेशी गिऱ्हाइकाला मज्जाव केला आणि युरोपीय न्यायालयाने २०१० साली तो ग्राह्य धरला.

थायलंडची कथा उलट्या टोकाने सुरू होते. तेथे ९ जून २०२२ रोजी गांजा मादक द्रव्यांच्या यादीतून काढला गेला. पर्यटकांच्या गावी दुकाने भराभर उघडली. त्याच महिन्यात सरकारला गांजाच्या धुराचा आणि वासाचा समावेश सार्वजनिक उपद्रवात करावा लागला, आणि जून २०२५ मध्ये गांजाच्या फुलोऱ्याची विक्री वैद्यकीय चिठ्ठीवरच करण्याचा नियम आला. एक देश सवलतीकडून आणि दुसरा मोकळिकीकडून निघाला. दोघेही अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबले, की रस्ता कोणाचा?

गोव्याला ह्या प्रश्नाचे उत्तर अगदीच अपरिचित नाही. मद्य गोव्यात निषिद्ध नाही. तरीही २०१९ साली पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा दुरुस्त करून किनाऱ्यावर उघड्यावर मद्यपान करणे, स्वयंपाक करणे आणि बाटल्या फोडणे ह्यांवर दंड बसविण्यात आला. एकट्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार, असे त्या वेळचे दर होते. २०२५ साली ते आणखी वाढविण्यात आले. मद्याच्या बाबतीत कायद्याने पदार्थाऐवजी जागेकडे पाहिले. गांजाच्या बाबतीत राज्याला असे करता येत नाही, कारण तो कायदा संसदेचा आहे. उघड्यावरील सेवनाला वेगळा आणि हमखास होणारा लहान दंड असावा की काय, ह्याचा विचार दिल्लीतच होऊ शकेल. २०२० सालच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले, तेव्हा ठरावाच्या बाजूच्या २७ मतांत भारताचेही मत होते. तेव्हा हा विचार अगदी वर्ज्य आहे असेही म्हणता येत नाही.

तोपर्यंत आहे त्या कायद्यातही पुष्कळ करण्यासारखे आहे. गुन्हा घडल्यावर धावणाऱ्या गाडीपेक्षा संध्याकाळी पायी फिरणारे दोन शिपाई, त्यांतली एक स्त्री, अधिक उपयोगी पडतात; त्यांना पाहून चिलीम पेटतच नाही, आणि न पेटलेल्या चिलमीचा पंचनामा करावा लागत नाही. भांग आणि गांजा ह्यांतील भेद, वजनाच्या मर्यादा आणि शिक्षा ह्यांची पाटी किनाऱ्याच्या तोंडाशी आणि उतरण्याच्या जागी निरनिराळ्या भाषांत लावली, तर गोव्यात सारे चालते हा गैरसमज विमानतळाच्या दारातच संपेल. ज्याला व्यसन जडले आहे त्याने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यातून सूट देण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती किती जणांना ठाऊक असते?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट समान वागणुकीची आहे. पुडी पोचविणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पकडणे सोपे असते. त्याच्या मागचा मालाचा धनी पकडणे अवघड, आणि पाहुण्याला दुखविणे नकोसे. पाहुण्याला समज आणि गावच्या पोराला कोठडी, असा न्याय होऊ लागला की गाव पोलिसांकडे पाठ फिरविते. आणि गावाने पाठ फिरविली की विक्रेत्याचा पत्ता सांगणारा कोणी उरत नाही. बार्देश-पेडण्याच्या किनाऱ्यावर खबर गावकऱ्यांजवळच असते. ती पोलिसांच्या कानी घालावी की नाही, हे ते पोलिसांचे वर्तन पाहून ठरवितात.

पहाटे त्याच किनाऱ्यावर रापणकार येतात. दोन रांगांत उभे राहून ते जाळे ओढतात. रात्रीच्या बाटल्या, थोटके आणि कागदाच्या पुड्या पायाखाली येतात, त्या बाजूला सारून त्यांना मासळी वेचावी लागते. संध्याकाळच्या शिपायाने काय करावे, ह्याचे उत्तर शोधताना पहाटेच्या ह्या माणसांना विसरून चालणार नाही. पाहुणा चार दिवसांनी आपल्या गावी परततो. किनारा मात्र त्यांच्या दारात कायमचा असतो.