रणगाड्यांत बसलेला सेनापति

ज्या माणसानें चौतीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविला आणि ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं, त्यानें संगणकावरील एका खेळाविषयीं आपणांशीं बोलावें, हें कांहींसें विचित्र आहे खरें. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या नातवानें मला हा खेळ शिकविला, आणि त्या चार-पांच दुपारींत माझ्या शिकविण्यांतील एक जुनी खोट मला दिसून आली. तिच्याविषयींच मुख्यतः बोलावयाचें आहे.

खेळाचें नांव बॅटलझोन. अमेरिकेंतील अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीनें तो १९९८ सालीं काढला. २०१६ सालीं त्याची नवी आवृत्ति निघाली, आणि नातवाजवळ आहे ती हीच. कथानक असें कीं, १९६० नंतरच्या दशकांत अमेरिका आणि रशिया यांच्यांत अंतराळाची जी चढाओढ लागली होती, ती केवळ वरवरची बतावणी; आंतून दोघांचीं सैन्यें चंद्र, मंगळ, शुक्र अशा ठिकाणीं जाऊन एका अद्भुत धातूसाठीं झुंजत होतीं. इतिहासाच्या मास्तराला हें पचणें कठीण! पण कल्पित कथेशीं भांडण्यांत अर्थ नसतो. यांतले रणगाडे पट्ट्यांवर चालत नाहींत, जमिनीला न टेकतां तरंगत जातात, एवढें सांगून पुढें जातों.

संगणकावरील युद्धाच्या खेळांचे ढोबळ मानानें दोन प्रकार आहेत. एकांत आपण शिपाई असतों. शिपायाच्या डोळ्यांना दिसेल तेवढेंच आपणांस दिसतें. दुसऱ्यांत आपण घारीप्रमाणें वरून रणभूमि न्याहाळतों, कारखाने उभारतों, पथकें धाडतों. १९९२ सालच्या ‘ड्यून टू’ या खेळानें या दुसऱ्या प्रकाराला रूप दिलें. बुद्धिबळांत पाळी असते, येथें ती नाहीं. आपण विचार करीत बसलों म्हणून शत्रु थांबत नाहीं. बॅटलझोनच्या कर्त्यांनीं हे दोन्ही प्रकार एकाच आसनावर आणून बसविले. १९८९ सालच्या ‘हर्झॉग त्स्वाय’ या जपानी खेळांत तशी सुरुवात झाली होती, परंतु तेथेंहि दृष्टि वरूनच होती. येथें मात्र आपण स्वतः एका रणगाड्यांत बसलेले. समोर कांच, कोपऱ्यांत लहानसा रडार, आणि तेथूनच तोफ चालवायची, तेथूनच आंकड्यांच्या कळा दाबून साऱ्या सैन्याला हुकूम सोडायचे.

या सैन्याचा प्राण म्हणजे रिसायकलर नांवाचें एक चालतें कारखान्यासारखें यंत्र. जमिनींतून वाफ निघत असेल अशी जागा पाहून तें तेथें ठाण मांडतें. मग त्यांतून भंगार गोळा करणाऱ्या गाड्या बाहेर पडतात, आणि त्यांनीं आणलेल्या भंगारापासून नवे रणगाडे तयार होतात. फुटलेल्या रणगाड्याचे तुकडे हेंहि भंगारच; तो आपला होता कीं शत्रूचा, हें यंत्र विचारीत नाहीं. ही व्यवस्था मला प्रथम फार चतुर वाटली. नंतर थोडी अंगावर आली.

माझी पहिली लढाई आपणांस सांगितली पाहिजे. समोर शत्रूचे दोन रणगाडे दिसले आणि मी सर्व विसरून त्यांच्यामागें लागलों. एक फोडला. दुसऱ्याचा पाठलाग करतां करतां टेकड्यांच्या पलीकडे गेलों. इकडे तिसऱ्याच बाजूनें येऊन शत्रूनें माझा रिसायकलर उद्ध्वस्त केला, आणि खेळ संपला. नातवानें हंसून विचारलें, “आजोबा, तुम्ही हरलांत कां?” मला एकहि कारण सांगतां येईना. धूळ होती, गडबड होती, कांहींतरी लाल लाल लुकलुकत होतें, एवढेंच आठवत होतें.

आणि हाच मी, श्रोतेहो, वर्षानुवर्षें मुलांना प्रश्न घालीत आलों होतों: अमुकाच्या पराभवाचीं कारणें द्या. पांच कारणें, पांच गुण! फळ्यावर पांढऱ्या खडूचा बाण एका सैन्याचा, तांबड्या खडूचा दुसऱ्याचा. सेनापतीनें डाव्या बगलेकडे लक्ष दिलें नाहीं, ही त्याची चूक. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें होतें, “गुरुजी, त्याला हें सगळें दिसत होतें कां?” मला तो वात्रटपणा वाटला. मीं त्याला खालीं बसविलें आणि पुढचें कारण लिहून दिलें.

रणगाडा हें यंत्र १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्सांत सोमच्या लढाईंत प्रथम उतरलें. त्या काळीं आंत बसलेल्या माणसाला लहानशा फटींतून पाहावें लागे, आणि मागें निरोप धाडण्यासाठीं कबुतरें बरोबर दिलेलीं असत. २० नोव्हेंबर १९१७ रोजीं कांब्रे येथें ब्रिटिशांनीं चारशेंहून अधिक रणगाडे एकदम सोडले, तेव्हां त्या दळाचे प्रमुख ह्यू एल्स हे ‘हिल्डा’ नांवाच्या रणगाड्यांत स्वतः चढले आणि आपलें निशाण फडकावीत आघाडीला निघाले. ही गोष्ट मीं वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असें. परंतु त्याच दिवशीं ते माघारीं मुख्यालयाकडे परतले, हें मात्र गाळीत असें, कारण त्यानें गोष्टीची रंगत जाई. आतां वाटतें, खरी गोष्ट तीच होती. रणगाड्यांत बसलेल्या सेनापतीला आपलाच रणगाडा तेवढा हांकतां येई. उरलेल्या शेंकडोंना हुकूम पोंचवायचा कसा?

या खेळाच्या नांवालाहि एक इतिहास आहे. १९८० सालीं अटारी कंपनीनें याच नांवाचा एक खेळ काढला होता: काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचे डोंगर, हिरव्या रेघांचे रणगाडे, आणि डाव्या-उजव्या पट्ट्यांसाठीं दोन दांडे. एड रॉटबर्ग त्याचे मुख्य कर्ते. अमेरिकी सैन्याच्या वतीनें मागणी आली कीं, ब्रॅडली नांवाच्या चिलखती गाडीवरील गोलंदाजांच्या शिक्षणासाठीं या खेळाचें एक रूप करून द्यावें. रॉटबर्ग यांना हें मुळींच रुचलें नाहीं. पुन्हां असें काम सांगूं नये, या अटीवर त्यांनीं तें केलें. मुलांच्या करमणुकीचें यंत्र आणि माणसें मारण्याचें शिक्षण यांमधली रेघ किती बारीक आहे, हें त्या गृहस्थास आपल्या सर्वांच्या आधीं दिसलें असावें.

शेवटच्या दुपारची गोष्ट. या खेळांत आपला रणगाडा फुटला तर आपण बाहेर फेकले जातों आणि पायीं हिंडूं शकतों. जवळ दुर्बीण लावलेली बंदूक असेल, तर तिनें शत्रूच्या रणगाड्यांतील चालकास टिपतां येतें. रणगाडा मात्र शाबूत राहतो, आणि आपण त्यांत चढून बसावयाचें. नातवानें तसें केलें आणि म्हणाला, “झाला रिकामा!”

मीं विचारलें, “अरे, रिकामा कसा? आंत कोणी होता ना?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “होता. पण आजोबा, मी त्याला मारलें नसतें तर त्यानें मला मारलें असतें.”

काय उत्तर द्यावें, मला सुचेना. या खेपेस मीं त्याला खालीं बसविलें नाहीं, एवढेंच. तेवढ्यांत रिसायकलरवर हल्ला झाल्याचें कळलें, आणि आम्ही दोघेहि घाईघाईनें तिकडे वळलों.