बर्फाचं यंत्र कुरकुरतं तेव्हा

मी सिहोऱ्याहून बोलतोय. जबलपूरहून कटनीकडे निघालात की वाटेत लागतं ते सिहोरा. इथे माझं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या काही उन्हाळ्यांत दुकानात एक नवीन पाहुणा यायला लागलाय, ओट्यावर ठेवायचं छोटं बर्फाचं यंत्र. मुलं पुण्याहून, हैदराबादहून आईबाबांना ऑनलाइन पाठवतात. आणि तक्रार बहुतेक एकच असते, "भाऊ, हे फार आवाज करतं हो."

आता "फार आवाज" म्हणजे काय? डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखंच आहे हे. कसा आवाज येतो यापेक्षा कधी येतो आणि किती वेळ टिकतो, हे मी आधी विचारतो. त्यासाठी यंत्राच्या पोटात काय चालतं ते थोडं माहीत हवं.

खाली पाण्याची टाकी असते. एक इवलासा पंप तिथलं पाणी वरच्या तबकात चढवतो. त्या तबकात धातूची नऊ-एक बोटं बुडालेली असतात. कंप्रेसर गॅस फिरवतो, बोटं गार होतात आणि त्यांच्यावर बर्फाची टोपी चढत जाते. सात ते बारा-तेरा मिनिटांत टोपी पुरेशी जाड झाली की तबक कलतं, उरलेलं पाणी टाकीत परत जातं. मग एक व्हॉल्व्ह उघडून गरम गॅस बोटांत सोडला जातो, बर्फ सुटतो, आणि एक फावडं त्याला टोपलीत लोटतं. की पुन्हा पहिल्यापासून.

यातले काही आवाज जन्मजात आहेत. व्हॉल्व्ह उघडताना टक् होतं, गॅस शिरताना फुस्स होतं, बर्फ पडताना खडखड होते. त्याला औषध नाही, आणि नकोही.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. उन्हाळ्यात लग्नामुंजींसाठी पन्हं आणि मठ्ठा करून देतात. दोन महिन्यांच्या त्या कमाईवर वर्षाची औषधं निघतात. गेल्या वैशाखात ऐन मुहूर्तांच्या दिवसांत यंत्र कर्रकर्र करायला लागलं. बाहेरगावच्या एका मेकॅनिकनं दोन मिनिटं ऐकून सांगितलं की कंप्रेसर गेला. खर्च सांगितला तो नव्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त. काकू मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एकदा बघता का? नाहीतर मी गाडीवाल्याकडून लादी आणते."

मी म्हटलं, काकू, फोन यंत्राजवळ ठेवा आणि एक अख्खी फेरी रेकॉर्ड करा. त्यांनी केली. ऐकलं तर आठ-नऊ मिनिटं नुसती मंद घरघर, मग वीसेक सेकंद कर्रकर्र, मग बर्फाची खडखड, की पुन्हा शांत.

इथेच निकाल लागला. बर्फ धरत असतो तो सगळा वेळ कंप्रेसर चालूच असतो. पंख्याचंही तसंच. त्यांच्यात बिघाड असता तर आवाज सलग आला असता. दर दहा मिनिटांनी वीस सेकंद येणारा आवाज तबक कलण्याच्या वेळेचा आहे. आणि बर्फ नीट पडत होता, म्हणजे गॅसही शाबूत.

प्लग काढून, झाकण उघडून पाहिलं. तबकाच्या दोन्ही खुंट्यांवर पांढरा थर. आमच्या बोअरचं पाणी जड. कटनी चुनखडीसाठी ओळखली जाते, ती इथून जवळच. चहाच्या पातेल्यात बसतो तोच हा थर. खुंटी जाम झाली की तबक फिरवणारी छोटी मोटर जोर लावते आणि तिचे प्लास्टिकचे दाते कुरकुरतात. असंच आणखी महिनाभर चाललं असतं तर दाते झिजून मोटरच बदलावी लागली असती.

किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं. लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे घालून त्या पाण्यावर यंत्र दोन फेऱ्या चालवलं, तो बर्फ फेकला. खुंट्यांवर तेच पाणी जुन्या टूथब्रशनं लावलं. मग साध्या पाण्यानं तीनदा धुतलं. पंपाच्या तोंडाची जाळीही साफ केली, कारण ती तुंबली की पंप हवा ओढतो आणि गुळगुळ करत राहतो. यंत्र स्टीलच्या ताटात ठेवलेलं होतं, ते काढून खाली रबराची चटई घातली. निम्मी घरघर त्या ताटाची होती! आता काकू गाळलेलं आर.ओ.चं पाणी घालतात.

खर्च किती? लिंबूसत्त्वाच्या पुडीचा. माझी मजुरी पन्ह्यात वळती झाली.

सलग आवाज असेल तेव्हा काय करायचं? लाटणं घ्या. थट्टा नाही करत. लाटण्याचं एक टोक यंत्राच्या बाहेरच्या अंगाला आणि दुसरं कानाजवळच्या हाडाला टेकवा. जिथे आवाज मोठा तिथे दुखणं. मागच्या जाळीशी मोठा येत असेल तर पंख्यात धूळ किंवा पात्याला वायर लागतेय. खाली मोठा येत असेल तर कंप्रेसरचे रबरी पाय पाहायचे. आणि "हूं... टक्, हूं... टक्" असं दर थोड्या वेळानं होत असेल, तेही संध्याकाळी, तर आधी व्होल्टेज मोजा. २३० च्या जागी १७० मिळत असतील तर कंप्रेसर उठू पाहतो, उठत नाही, संरक्षक स्विच त्याला तोडतो. तिथे स्टॅबिलायझर हवा, नवा कंप्रेसर नाही.

एका ठिकाणी मात्र घरच्यांनी हात थांबवायचा. मागे पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र किंवा आर-६००ए लिहिलेलं दिसलं तर आत आयसोब्युटेन आहे, आपल्या सिलिंडरच्या गॅसचा भाऊबंद. मात्रा थोडी असते, पण पेट घेतो. अशा यंत्राच्या नळीजवळ कुणी टॉर्च पेटवून झाळायला लागला, तर आधी विचारा की गॅस मोकळ्या हवेत नीट काढलाय का. उत्तर गडबडलं तर यंत्र उचलून घरी न्या.

त्याच पट्टीवर हवामानाचं अक्षर असतं. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८, 'टी' ४३. मे महिन्यात आमच्याकडच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी ४३ सहज होतात. मग यंत्र धापा टाकतं, फेरी लांबते, पंखा ओरडतो. काकूंच्या यंत्रावर 'एसटी' होतं. भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, शेगडीपासून लांब नेलं, आणि वेळ बदलली. पहाटे पाचला लावायचं, आठला बंद. यंत्र बर्फ करतं, पण साठवत नाही, टोपलीत तो वितळतच असतो. म्हणून दर अर्ध्या तासानं टोपली फ्रीजरमध्ये रिकामी करायची.