सुमित्रा भावे : पाहणीपासून पडद्यापर्यंत



एखाद्या वस्तीची पाहणी होते, अहवाल सिद्ध होतो आणि ग्रंथालयात जाऊन पडतो. ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला, त्या निरक्षर स्त्रियांना मात्र तो कधीच वाचता येत नाही. दलित स्त्रियांच्या आत्मप्रतिमेचा अभ्यास करताना सुमित्रा भावे यांना हीच खंत जाणवली आणि त्या चित्रपटाकडे वळल्या. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि चित्रपटकलेचे शिक्षण मुळीच घेतलेले नव्हते.

१९४३ साली पुण्यात जन्मलेल्या सुमित्राबाईंचे शिक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत झाले. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले. काही काळ दिल्ली आकाशवाणीवरून मराठी बातम्याही दिल्या. १९८५ च्या ‘बाई’ या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुढे चित्रपट संस्थेचे स्नातक सुनील सुकथनकर त्यांचे सहदिग्दर्शक झाले. पटकथा व संवाद मात्र बहुधा बाईंच्याच लेखणीतून उतरत.

‘दोघी’ (१९९५) हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. विवाहाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो आणि गौरी अपशकुनी ठरते. कुटुंबाच्या पोटासाठी तिला मुंबईत देहविक्रय करावा लागतो. तिने पाठविलेल्या पैशावर घर सावरते. परंतु धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी ती परतते, तेव्हा तिची सावलीही घराला नकोशी होते. आईला खलनायिका करण्याचा सोपा मार्ग येथे होता. लेखिकेने तो टाळला, आणि म्हणूनच ते घर प्रेक्षकाला परके वाटत नाही.

‘देवराई’त छिन्नमनस्कता, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये नैराश्य असे विषय त्यांनी हाताळले. क्वचित समजावून सांगण्याचा सूर अधिक लागतो, हे मान्य करावे लागेल. अध्यापकाची ती सवयच म्हणायची. पण ‘अस्तु’तील संस्कृतचे वृद्ध पंडित हत्तीच्या मागे चालू लागतात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते, तेथे कोणतेच स्पष्टीकरण लागत नाही. या चित्रपटाच्या संवादलेखनाला २०१३ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कासव’ २०१६ च्या सुवर्णकमळाचा मानकरी ठरला. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ व ‘कोर्ट’ यांच्यानंतर तो मान मिळविणारा हा पाचवा मराठी चित्रपट.

पुरस्कार आले, चित्रपटगृहे मात्र सहजासहजी उघडली नाहीत. ‘अस्तु’ सर्वत्र प्रदर्शित व्हायला २०१६ साल उजाडले. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरील ‘दिठी’ २०१९ मध्येच पूर्ण झाला होता. पुत्रशोकाने खचलेल्या वारकरी लोहाराची ती कथा. १९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राबाई निवर्तल्या, आणि पुढच्याच महिन्यात तो घरोघरीच्या छोट्या पडद्यावर पोहोचला.