रंग चार, जाती दोन

सोसायटीत पांढरंशुभ्र, झुबकेदार शेपटीचं कुत्रं दिसलं की आपण त्याला 'पामेरियन' म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा तो इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरेनियन जेमतेम तीन किलोचा आणि बरेचदा नारिंगी. स्पिट्झ वजनानं त्याच्या दुप्पट तरी भरतो. पण पांढरा केस दिसला की आपला निकाल झालेला असतो. रंगावरून जात ठरवण्याची ही खोड इंग्रजांनाही होती, आणि तिनं त्यांच्या छोट्या स्पॅनियलांचा जो घोळ घातला तो ऐकण्यासारखा आहे.

मांडीवर मावणारी, लांब केसाळ कानांची ही कुत्री. दुसऱ्या चार्ल्स राजाला त्यांचा भारी नाद. राजा कामकाज सोडून कुत्र्याशी खेळत बसतो, अशी तक्रार सॅम्युअल पेपिसनं १६६७ साली आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. यांचे रंग चार. अंगभर तांबडा तो रुबी. काळा कुळकुळीत, पण भुवया, गाल आणि पायांवर तांबूस, तो ब्लॅक अँड टॅन. पांढऱ्यावर तांबडे पट्टे तो ब्लेनहाइम. पांढरा, काळा, तांबूस असे तिन्ही असले की ट्रायकलर.

एकोणिसाव्या शतकात हे चार रंग प्रदर्शनांत वेगवेगळ्या जातींसारखे मिरवत. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबानं त्यांना एका छपराखाली आणलं. क्लबाला 'टॉय स्पॅनियल' हे नाव हवं होतं, पण खुद्द सातव्या एडवर्डनं 'किंग चार्ल्स'ची बाजू घेतली. राजाचा शब्द मोडतो कोण? पंचाईत अशी की काळ्या-तांबूस रंगालाही पूर्वीपासून 'किंग चार्ल्स'च म्हणत. म्हणजे जातीचं नाव तेच आणि तिच्यातल्या एका रंगाचंही तेच.

या चार रंगांमागे खरं तर दोनच प्रश्न आहेत. अंगावरच्या केसात काळा रंग उतरतो का? आणि आपल्याकडे गुरांत 'बांडा' म्हणतात तसे पांढरे पट्टे पडतात का? दोन्हींना 'नाही' म्हटलं की रुबी, दोन्हींना 'हो' म्हटलं की ट्रायकलर. नुसता काळा उतरला तर ब्लॅक अँड टॅन, नुसता पांढरा आला तर ब्लेनहाइम. काळा नसण्याचा आणि पांढऱ्या पट्ट्यांचा गुण आईबापांत दडून राहू शकतो. म्हणून ब्लॅक अँड टॅन जोडप्याला एकाच विणीत चारही रंगांची पिल्लं होऊ शकतात. दोन रुबींना मात्र काळं पिल्लू होणार नाही. झालं, तर बाप दुसरा कुणी!

मग या कुत्र्यांच्या दोन जातींत खरा फरक कुठला? तो नाकाडात आणि टाळूत. रेडिओवरून कुत्रं दाखवता येत नाही, तेव्हा कल्पना करा. व्हिक्टोरिया राणी राज्याभिषेकाहून परतली आणि तिनं आपल्या डॅश नावाच्या स्पॅनियलला आंघोळ घातली म्हणतात. तो डॅश चित्रांत पाहिला तर तोंड चांगलं निमुळतं दिसतं. पुढे आखूड नाकाची फॅशन आली. माथा घुमटासारखा, नाक जवळजवळ डोळ्यांच्या मधोमध, खालचा जबडा किंचित पुढे, असं रूप प्रदर्शनांत बक्षिसं मिळवू लागलं.

रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थाला हे खटकलं. जुन्या चित्रांतल्यासारखी लांब तोंडाची, सपाट टाळूची, माथ्यावर तांबडा ठिपका असलेली ब्लेनहाइम कुत्री कुणी आणून दाखवील का? १९२६ च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात त्यांनी त्यासाठी २५-२५ पौंडांची बक्षिसं लावली. (तो ठिपका म्हणे मार्लबरोच्या डचेसचा अंगठा! १७०४ साली नवरा ब्लेनहाइमच्या लढाईत असताना काळजीनं तिनं तो गाभण कुत्रीच्या डोक्यावर दाबून धरला, अशी दंतकथा आहे.) १९२८ साली 'ॲन्स सन' नावाचा कुत्रा जिंकला, आणि त्याच वर्षी एल्ड्रिज वारले. या लांब तोंडाच्या कुत्र्यांना नाव मिळालं 'कॅव्हॅलियर किंग चार्ल्स'. १९४५ साली केनेल क्लबानं त्यांना स्वतंत्र जात मानलं. रंग मात्र दोन्हीकडे तेच चार! तेव्हा समोर ट्रायकलर आला तर कानांच्या मधे बघा. टाळू सपाट आणि कान वर बसलेले असतील तर कॅव्हॅलियर. माथा घुमटदार, कान खाली आणि नाक चपटं असेल तर नुसता किंग चार्ल्स. वजन दोघांचं सहा किलोच्या आगेमागे असू शकतं, त्यावर विसंबू नका.

लांब तोंडाच्या कॅव्हॅलियरचंही सगळं सुखाचं नाही. हृदयाच्या झडपेचा आजार या जातीत फार. कवटी इतकी लहान की कित्येकांच्या मेंदूला मागच्या बाजूला जागा पुरत नाही आणि पाठीच्या कण्यात पाणी साठतं. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली या जातीची तिथली पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली. मला तो निकाल कडक वाटतो, पण अन्यायाचा वाटत नाही.

पिल्लू घ्यायचंच असेल तर रुबी की ब्लेनहाइम हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी आईबापांचं हृदय कुणी तपासलं, कितव्या वर्षी तपासलं, कागद कुठे आहेत, ते विचारा. 'दुर्मिळ चॉकलेटी कॅव्हॅलियर' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर चार रंगांची नावं त्याला ऐकवा. पाचवा रंग या जातीच्या निकषांत बसतच नाही.