किल्लीदाराचं नाव काय?

रविवारच्या सकाळी बाजार टाकून डिचोलीत येऊन बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे आभार. माझ्याआधी ज्या दोघांना विचारलं होतं त्यांचेही आभार, कारण त्यांनी नाही म्हटलं म्हणून मी इथे उभा आहे. चहा उत्तम होता. संयोजकांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत. मी त्याहून कमी घेईन.

प्रथेप्रमाणे अध्यक्षाने आढावा घ्यायचा असतो, तो घेतो. २०१६ मध्ये मुंबईत एक मोठं परदेशी डेटा सेंटर-क्षेत्र सुरू झालं आणि ‘आमचा डेटा सिंगापूरला आहे’ हे वाक्य आपल्या बोलण्यातून गेलं. आपल्या सरकारचा ‘मेघराज’ क्लाउड त्याच्याही आधीचा. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहाराची माहिती देशातच ठेवायला सांगितलं, २०२३ मध्ये आयटीचं काम बाहेर देण्याबद्दल सविस्तर निर्देश काढले. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड अडीचशे कोटींपर्यंत. इकडे पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला आणि तुयेंच्या इलेक्ट्रॉनिक सिटीबद्दल आपण अजून परिसंवाद घेतो आहोत. आढावा संपला.

आता मला जे बोलायचं आहे ते बोलतो. गेली दहा-बारा वर्षं बोलायचं आहे. प्रत्येक परिषदेत मी प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करायचो आणि सूत्रसंचालक म्हणायचे, ‘वेळेअभावी...’. आज माईक माझ्याकडे आहे.

आपल्याकडे कुठलीही तपासणी आली की एक तक्ता येतो. त्यात रकाना असतो: साठवलेला डेटा एन्क्रिप्ट केला आहे का? आपण ‘होय’वर खूण करतो. ते खोटं नसतं. क्लाउडवर आज बहुतेक साठवण आपोआपच कुलूपबंद होते. पण पुढचा रकाना मी इतक्या वर्षांत क्वचितच पाहिला: किल्ली कोणाकडे? त्या माणसाचं नाव काय? तो उद्या नसला तर कोणाकडे? कुलूप आहे की नाही हे विचारून लोक चहा पिऊन निघून जातात.

इथे वकील आहेत, सीए आहेत, पतसंस्थांचे सचिव आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. माहिती एका किल्लीने बंद होते. ती किल्ली आणखी एका मोठ्या किल्लीने बंद करून माहितीच्याच शेजारी ठेवतात. मोठी किल्ली एचएसएम नावाच्या यंत्रात असते आणि तिथून ती बाहेर येत नाही. आपण नुसती विनंती पाठवायची, यंत्र लहान किल्ली उघडून देतं. लाख फायली असोत, सगळ्यांचा जीव त्या एका मोठ्या किल्लीत. गोष्टीतल्या राक्षसाचा पोपटात असायचा, तसा. पोपट मेला की फायली तिथेच असतात, एक अक्षरही हललेलं नसतं, फक्त त्या कोणाला कधीच वाचता येत नाहीत.

(जाता जाता: आपण सर्रास ‘चावी’ म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांचा, त्यांच्या ‘शावी’वरून आलेला. मी आज किल्लीच म्हणणार आहे. जुनी सवय.)

माझं गाव पेडणे तालुक्यातलं. माझा आजो गावच्या देवस्थानचा खजिनदार होता. देवीच्या दागिन्यांची पेटी सागवानी, तिला तीन कुलुपं. एक किल्ली अध्यक्षाकडे, एक खजिनदाराकडे, एक मुखत्याराकडे. पोर्तुगिजांनी १९३३ साली माझानीचा कायदा केला. आजही आपल्या देवस्थानांचा कारभार त्याच्याच आधारे चालतो आणि मामलेदार त्यांचा प्रशासक असतो. पेटीची किल्ली बाळगणाऱ्याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द होता, क्लाविकुलारियु. किल्लीदार हे पद होतं बघा.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. जत्रेचा दिवस. पालखी सजायची होती, पेटी उघडायला तिघं हवेत आणि मुखत्याराची शिवोलीची होडी चुकलेली. तेव्हा चोपड्याला पूल कुठला? अध्यक्ष म्हणजे गावचा भाटकार, अर्ध्या गावाची जमीन त्याची. तो देवळाच्या पायरीवर तासभर बसून राहिला. भटजी बसला, वाजंत्री बसले. कुलूप फोडूया असं कोणाच्या मनातही आलं नाही. आजोने मला पाठवलं, ‘रे, वच आनी पळय तो खंय पावला.’ मी धावत धक्क्यावर गेलो. मुखत्यार घामाघूम होऊन येत होता आणि त्याने किल्ली धोतराच्या सोग्यात बांधली होती. पालखी उशिरा निघाली एवढंच.

त्याच गावातली, त्याच देवळाचे महाजन असलेली माणसं पुढे एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आली. नाव सांगणार नाही. देवीच्या नथीसाठी ज्यांना तीन माणसं लागत, त्यांनी हजारो ठेवीदारांची खाती, आधार क्रमांक, सह्या, फोटो, सगळ्याची किल्ली चोवीस वर्षांच्या एका मुलाच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर ठेवली. मुलगा हुशार होता, प्रामाणिक होता. मी त्याच्याबद्दल बोलत नाही. मी तुमच्या-माझ्याबद्दल बोलतो आहे.

सकाळच्या सत्रात वाद रंगला: मोठी किल्ली क्लाउडवाल्याकडे ठेवावी की आपल्याकडे? दोन्ही बाजूंनी छान स्लाइड होत्या. माझ्याकडे स्लाइड नाही, एक आंब्याचं झाड आहे. पेडण्यातल्या एका ग्राहकाने हट्ट धरला की किल्ली माझ्याच कार्यालयात हवी, परक्याच्या घरी नको. त्याचं म्हणणं तत्त्वाने बरोबर होतं. आम्ही तसं बसवून दिलं. जूनमध्ये पहिल्या वादळात विजेच्या तारांवर आंबा पडला. दोन दिवस वीज नाही, इन्व्हर्टर चार तासांत संपला. डेटा मुंबईत सुखरूप, किल्ली पेडण्यात अंधारात. क्लाउडने माहिती मागितली, किल्ली देणारं यंत्र उत्तर देईना, म्हणून कोणालाच काही उघडेना. तिसऱ्या दिवशी त्यानेच मला सांगितलं, घेऊन जा ती किल्ली. ज्यांच्याकडे दोन जागा, दोन वीजजोडण्या आणि रात्री जागणारा माणूस आहे, त्यांनी जरूर स्वतःकडे ठेवावी. बाकीच्यांनी क्लाउडवाल्याच्या यंत्रात ठेवावी. ती वापरायचा आणि पुसायचा हक्क मात्र कोणाकोणाला, हे कागदावर ठरवावं. वाद माझ्यापुरता मिटला.

दुसरा वाद, किल्ली किती दिवसांनी बदलावी. बदलावी, यात शंकाच नाही. २०२३ मध्ये चोरांनी अमेरिकी सरकारी खात्यांची ईमेल वाचली ती मायक्रोसॉफ्टच्या २०१६ सालच्या एका किल्लीच्या जोरावर. ती कधीच बाद व्हायला हवी होती. चौकशी मंडळाने त्यावर कडक अहवाल लिहिला. पण बदलणं म्हणजे काय, हे आपल्यातल्याच निम्म्या लोकांना कळत नाही. नवी किल्ली केली की नवी माहिती नव्या किल्लीने बंद होते. जुनी माहिती जुन्याच किल्लीने बंद राहते. कोणी मुद्दाम ती उघडून परत बंद केली तरच बदलते. हे मला फार चांगलं माहीत आहे. कसं, ते सांगतो. आजवर चारचौघांत सांगितलं नव्हतं.

त्याच पतसंस्थेची गोष्ट. क्लाउडचं बिल वाढत होतं आणि संचालकांनी मला काटछाट सुचवायला सांगितलं. मी यादी काढली. त्यात चार किल्ल्या होत्या, गेल्या वर्षभरात एकदाही न वापरलेल्या. किल्लीमागे महिन्याला एक डॉलर, म्हणजे चार डॉलर, त्या वेळचे तीनशे रुपये. मी समोर लिहिलं: वापरात नाहीत, काढाव्यात. त्या मुलाने काढायला टाकल्या. क्लाउडवाला शहाणा असतो. तो किल्ली लगेच पुसत नाही. सात ते तीस दिवस थांबतो आणि तोवर माघार घेता येते. किती दिवस थांबायचं ते आपण निवडायचं. मुलाने सात निवडले. दुसऱ्या दिवशी चतुर्थी.

चतुर्थीला गोव्यात काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. माटोळी, नेवऱ्या, भजन. कोणाकडे पाच दिवस, कोणाकडे सात. सूचनेची ईमेल जिथे जायच्या तो पत्ता आधीच्या व्यवस्थापकाचा होता आणि तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आठव्या दिवशी कार्यालय उघडलं. पुढच्या आठवड्यात लेखापरीक्षकाने जुन्या वर्षांची कर्जखाती मागितली. ती जुन्या बॅकअपमध्ये होती, आणि बॅकअप त्या चारांपैकी एका किल्लीने बंद. वापरात नव्हती, कारण बॅकअप काही कोणी रोज उघडत नाही. सहा वर्षांची खाती. मी क्लाउडवाल्याच्या मदत केंद्राशी रात्री अडीचपर्यंत बोललो. त्यांनी फार नम्रपणे सांगितलं की किल्ली आता कोणालाच परत आणता येणार नाही, आम्हालाही नाही.

यादीवर सही माझी होती. नोकरी मुलाची गेली. तो पुढे पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लंडनला गेला, सुखात आहे असं कळतं. त्या यादीवर आणखी दोन सह्या लागल्या असत्या, तर तिघांपैकी एकाने तरी विचारलं असतं की बाबा, हिच्याने काय काय बंद आहे? मुखत्याराची होडी चुकली असती तरी चाललं असतं. किल्ली चतुर्थीनंतर पुसली असती.

आपल्यातले तरुण सहकारी क्वांटमबद्दल बोलतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने क्वांटम संगणकापुढे टिकणाऱ्या पद्धती जाहीर केल्या, त्यांचा अभ्यास करायलाच हवा. पण पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत चाळीस वर्षांत माझ्या एकाही ग्राहकाचा डेटा गणित फुटून गेलेला नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीचे ट्रकवाले जुन्या फेऱ्यांच्या नोंदी मागायला वजनकाट्यावर आले. डिस्क होती, पासवर्ड जाणणारा ऑपरेटर मस्कतला होता. पंचायतीत मी सरपंचांच्या डिजिटल सहीचं टोकन सचिवाच्या ड्रॉवरमध्ये पाहिलं आहे, पिन चिकटपट्टीवर लिहून टोकनलाच डकवलेला. २००० च्या आयटी कायद्याचं बेचाळिसावं कलम म्हणतं की आपली खाजगी किल्ली ज्याची त्याने ताब्यात ठेवावी. सीए मंडळी हसताहेत, कारण अशा टोकनांचा रबर बँड लावलेला गठ्ठा त्यांच्या टेबलावर आहे.

तीन किल्लीदार नेमा म्हटलं की ऐकवतात, तीनपैकी एक मेला तर? प्रश्न योग्य आहे. आमच्या देवस्थानात प्रत्येकाला बदली माणूस नेमलेला असे. गणितातही याला उत्तर आहे. अदी शमीर यांनी १९७९ मध्ये त्यावर दोन पानी लेख लिहिला. त्यात जुनं कोडं आहे: अकरा शास्त्रज्ञ, त्यांतले कोणतेही सहा आले तरच कपाट उघडावं. साध्या कुलुपांनी हे करायचं तर ४६२ कुलुपं लागतात आणि प्रत्येकाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या. शमीर यांनी ते एका समीकरणात बसवलं. इंटरनेटच्या नावांची जी मूळ किल्ली आहे ती याच विचाराने सांभाळतात: एका जागेचे सात किल्लीदार, त्यांतले तीन तरी हजर हवेत. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात माणसं जमली आणि तिजोरीचंच कुलूप अडकलं. कारागीर आणून ते भोक पाडून उघडलं. समारंभ चार दिवस पुढे गेला, इंटरनेट चालू राहिलं. आमची पालखी तासभर थांबली होती.

वाचता येणं हीसुद्धा किल्लीच. डिचोलीतल्या माझ्या सासुरवाडीला एक ट्रंक आहे, मोडीतल्या कागदांची. पणजीच्या पुराभिलेखागारात कोमुनिदादींचं, म्हणजे गावकीच्या संस्थांचं, काही जुनं दप्तर कंदवी लिपीत आहे. शाई शाबूत, कागद शाबूत, वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. ती ट्रंक मी दर मे महिन्यात उन्हात घालतो आणि परत बंद करतो. सासरे वाचायचे. मी त्यांना कधी शिकवा म्हटलं नाही.

परिषदेने पुढच्या वर्षी काय करावं, तर एक किल्लीवही असावी. नमुना मी करून देईन, निदान प्रयत्न करेन. किल्ली कोणती, तिच्याने काय बंद आहे, तिघं कोण, बदली कोण, सूचनेची ईमेल कोणाला जाते. समिती नेमायची की नाही हे कार्यकारिणीने बघावं. पुसण्याला तीस दिवसांहून कमी मुदत नको आणि चतुर्थी, दिवाळी, शिगमो या काळात पुसणं नको, असा ठराव दुपारी मांडेन. तो रखडेल हे मला माहीत आहे.

तोवर एवढंच करा. दाराशी कागद ठेवले आहेत. जेवायला जाण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या तीन किल्लीदारांची नावं त्यावर लिहा. सुचली नाहीत तर कागद कोरा द्या, त्यावर फक्त संस्थेचं नाव घाला. मी सोमवारी फोन करेन. आणि कोणीही माझं नाव लिहू नका. मला गेल्या महिन्यात सत्तर पूर्ण झाली.