शिकवण्यापुरती झेरॉक्स



महाविद्यालयं सुरू झाली की बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. सरांनी या पुस्तकातलं एक प्रकरण सांगितलेलं असतं, त्या पुस्तकातली वीस पानं. दुकानदार ती एकत्र करून स्पायरल घालून देतो. हे कायद्यात बसतं का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो, प्राध्यापकांनाही पडतो. बहुतेक जण तो मनातच ठेवतात. त्याचं उत्तर आपल्याच देशातल्या एका खटल्यात मिळतं.

दिल्ली विद्यापीठात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस नावाचं छोटं दुकान होतं. अभ्यासक्रमाला लागणाऱ्या पुस्तकांतले निवडक भाग तिथे एकत्र बांधून मिळत. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी हे दुकान आणि विद्यापीठ या दोघांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची अशा दोन संघटना स्वतःहून दाव्यात उतरल्या. ज्यांच्या लेखनाच्या प्रती निघत होत्या, त्यांतल्याही कित्येक अभ्यासकांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. दाव्याचा फेरविचार करा, असं अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना कळवलं होतं.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्याच्या कलम ५२मध्ये कोणत्या गोष्टी केल्यानं हक्कभंग होत नाही, याची यादी आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली प्रत त्या यादीत आहे. प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी केलेला न्याय्य वापरही आहे. १६ सप्टेंबर २०१६ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी याच कलमाच्या आधारे दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, समाजाचं ज्ञान वाढावं म्हणून कायद्यानं तो दिला आहे, अशी त्यांची भूमिका होती. विद्यार्थ्यानं ग्रंथालयात बसून पानं हातानं उतरवली तर गुन्हा होत नाही. मग तेच काम यंत्रानं केलं म्हणून गुन्हा कसा होईल?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं महत्त्वाचा खुलासा केला. शिकवणं म्हणजे वर्गातला तासभर नव्हे. सत्राची तयारी, वाचन, उजळणी हे सगळं त्यात आलं. आणि किती पानं घेतली, एवढ्यावर निकाल ठरत नाही. शिकवण्यासाठी ती पानं खरोखर लागत होती का, हे पाहायचं. या दाव्यातली पानं तशी लागत होती का आणि आख्खी पुस्तकं झेरॉक्स करता येतात का, हे मुद्दे खंडपीठानं पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. पण २०१७मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे या मुद्द्यांचा निर्णय झाला नाही. दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, तरी त्याचं वजन मोठं आहे.

तेव्हा प्राध्यापकांनी निर्धास्त मनानं वाचनाची यादी द्यावी आणि विद्यार्थ्यांनी निर्धास्त मनानं ती पानं काढावीत. खेड्यातून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला एका प्रकरणासाठी हजारो रुपयांचं परदेशी पुस्तक घ्यायला लावणं म्हणजे त्याला शिक्षणाच्या दारात अडवणं आहे. कायद्यानं हे ओळखलं, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण श्रोतेहो, ही सवलत शिकवण्यासाठी आहे. दोन-तीनशे रुपयांचं मराठी पुस्तक बाजारात मिळत असताना त्याची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं, हा तिचा उपयोग नव्हे. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायलासुद्धा वर्षं लागतात. तिथे शंभर प्रती न विकल्या जाणं लेखकाला आणि प्रकाशकाला जिव्हारी लागतं. असं पुस्तक दुसऱ्यांदा छापलंच गेलं नाही, तर पुढच्या वर्षीच्या मुलांनी काय वाचायचं?

मोकळेपणानं घ्यावं असंही पुष्कळ आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचं साहित्य सर्वांचं होतं. केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी यांचं लेखन आज कुणीही छापू शकतं. मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

प्राध्यापकांना माझी विनंती आहे : नेमलेल्या प्रत्येक उताऱ्यावर लेखकाचं, पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापा. प्राचार्यांना विनंती आहे : ज्या पुस्तकातली पानं दरवर्षी लागतात, त्याच्या चार प्रती ग्रंथालयात विकत घ्या. आणि विद्यार्थिमित्रांनो, अभ्यासाला लागतील तेवढी पानं हक्कानं घ्या. जे पुस्तक मनाला भिडेल आणि परवडेल, ते विकत घ्या.