मॉरिशस : श्रमिकांचे बेट, भांडवलाचा पत्ता

(भोसरी येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

गेल्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदाच मॉरिशसला जाऊन आलो. एका निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे प्रवासवर्णन ऐकण्यासाठी कामगारांनी आपला सुट्टीचा दिवस का घालवावा, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणाच्या मनात आला असल्यास तो रास्तच आहे. तेव्हा समुद्र निळा होता, वाळू पांढरी होती, नारळ होते, एवढे सांगून तो भाग मी संपवतो. प्रवासी कंपन्यांची रंगीत पत्रके त्याचे वर्णन माझ्याहून चांगले करतात. मला सांगायचे आहे ते त्या वाळूच्या मागे असलेल्या उसाच्या शेतांविषयी आणि त्या शेतांत कागदावर अंगठा उठवून गेलेल्या माणसांविषयी.

जुन्या मराठी घरांत पांढऱ्या दाणेदार साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. माझ्या आजीच्या तोंडी तोच शब्द असे. मोरस म्हणजे मॉरिशस. म्हणजे हा देश आपल्या फडताळात फार पूर्वीच येऊन बसला होता. ती साखर पिकवणारे हात कोणाचे, ते मात्र डब्यावर लिहिलेले नव्हते.

देश केवढा? क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा सातवा-आठवा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवड शहराची वस्ती सतरा लाखांवर होती. विमानतळावरून बाहेर पडले की दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, काही तर घराएवढे उंच. शेत करण्यासाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले हे दगड. तो दगड पाहून मी थबकलो, कारण तो आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण! भूशास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडले, त्याच स्थानातून फार पुढे, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आले. कोकणातून गेलेल्या कुणब्याने परमुलखात जाऊन जो दगड उचलला, तो त्याच्या गावच्या डोंगराचा भाऊबंदच होता.

२ नोव्हेंबर हा तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस असतो. १८३४ साली त्या दिवशी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. त्याच बंदरातील आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या मी चढलो. घाटाची वास्तू १८४९ पासूनची. २००६ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बेटावर उतरले. बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रासहून आले, पण मुंबई बंदरातूनही हजारो गेले आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे पुष्कळ होते.

हे सारे का घडले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण शाळेच्या पुस्तकांत ते एका ओळीत उरकले जाते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे सहासष्ट हजार गुलाम मुक्त झाले. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती मळेवाल्यांना, सुमारे वीस लाख पौंड. ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्यांना छदामही नाही. त्या पैशातून मळेवाल्यांना नवी मजुरी विकत घेता आली. गुलामाला विकत घ्यावे लागे, पोसावे लागे, तो मेला तर भांडवल बुडे. कराराचा मजूर पाच वर्षांसाठी, महिना पाच रुपये आणि शिधा एवढ्यावर मिळू लागला. माणसाची मालकी संपली आणि मुदतीची सुरू झाली. राज्यकर्ते याला ‘महान प्रयोग’ म्हणत आणि हा प्रयोग मग फिजी, त्रिनिदाद, गयाना, नाताळपर्यंत नेला गेला.

इंग्रजीतल्या करारवाचक शब्दाचा आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ केला. आपल्याकडे सुताराच्या लाकडाला भोक पाडणाऱ्या हत्यारालाही गिरमिटच म्हणतात. व्युत्पत्ती वेगळ्या, पण हा योगायोग मला चुकीचा वाटत नाही.

या करारातील एक तरतूद तुम्ही लक्षपूर्वक ऐकावी. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. तिला ‘डबल कट’ असेच नाव होते. ताप आला, मूल मेले, कारण कोणतेही असो. आपल्या सभेत बीड-धाराशिवकडचे जे कार्यकर्ते बसले आहेत, त्यांना मी हे समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीच्या टोळीत एक दिवस कोयता बंद राहिला की मुकादम ‘खाडा’ म्हणून दंड लावतो, तो याच कुळातला. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत एका रजेने महिन्याचा सगळा हजेरी भत्ता जातो, तोही फार लांबचा नातेवाईक नव्हे.

मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे, १९७० साली स्थापन झालेली. या गिरमिटियांच्या नोंदवह्या तेथे जपलेल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, जहाज आणि क्रमांक. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही. जातीच्या रकान्यात मराठा, कुणबी, महार. गावांची नावे इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. कारकुनाला आडनाव ही भानगड समजली नाही, त्यामुळे त्या माणसाचे पाळण्यातले नाव हेच त्याच्या नातवंडांचे आडनाव होऊन बसले. मला हे वाचताना गंमत वाटली, आणि थोड्याच वेळात वाटेनाशी झाली.

मराठी मंडळींना भेटलो. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि देवळात मराठी अशी त्यांची भाषाव्यवस्था आहे. शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवला जातो. गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ होऊन नाचते. कस्कावेलला विठ्ठल-रखुमाई आहेत. रस्त्यावर डालपुरी मिळते, ती म्हणजे पुरणपोळीची तिखट बहीण. येथून गेलेले आपले पाहुणे हे सर्व पाहून गहिवरतात, फेटे बांधून घेतात आणि परत येऊन संस्कृती टिकल्याचे व्याख्यान देतात. गहिवर मलाही आला. पण संस्कृती हवेवर टिकत नाही. टिकवणाऱ्याच्या पायाखाली जमीन लागते आणि हातात मत लागते. ही दोन्ही त्यांनी कशी मिळवली, ते आपल्या उपयोगाचे आहे.

जमीन प्रथम. १८७० च्या दशकानंतर साखरेचा भाव पडू लागला, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, खडकाळ जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. करार संपलेल्या मजुरांनी पै-पै साठवून त्या घेतल्या. त्याआधी अ‍ॅडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्याने, जन्माने युरोपीय माणसाने, १८७१ साली हजारो मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला होता आणि त्यातून चौकशी आयोग नेमला गेला. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचे जहाज तेथे थांबले. त्यांनी लोकांना मुले शिकवण्यास आणि राजकारणात पडण्यास सांगितले. पुढे १९०७ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे वकील तेथे गेले आणि मजुरांचे खटले लढू लागले.

संघटना मात्र कागदपत्रांवर उभी राहिली नाही. ती उभी राहिली ‘बैठकां’वर. बैठका हा तेथे संस्थेचा शब्द आहे. मळ्यावरच्या वस्तीत गवती छपराची एक खोली. संध्याकाळी मुलांना अक्षरओळख, रात्री मोठ्यांचे भजन, आणि त्याच खोलीत तंट्यांचे निवाडे. १९३६ साली मजूर पक्ष निघाला. १९३७ मध्ये संप झाले, गोळीबार झाले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे पोलिसांच्या गोळीने अंजली कूपेन ही गर्भवती मजूर स्त्री आणि तिचे सहकारी मारले गेले. नव्या घटनेने साधी वाक्ये वाचता-लिहिता येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मत दिले, भाषा कोणतीही चालेल असे म्हटले. बासदेव बिसुनदयाळ यांच्या स्वयंसेवकांनी त्या बैठकांत हजारो मजुरांना लिहायला शिकवले. १९४८ च्या निवडणुकीत मळेवाल्यांची सद्दी मोडली. मित्रहो, आपण साक्षरतेचे वर्ग पुष्कळ चालवले. ते मतदार याद्यांशी इतक्या थेट जोडले होते काय, याचा विचार अवश्य व्हावा.

आता माझ्या विषयाकडे येतो. १९६१ साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने मॉरिशसचे भविष्य तपासले. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे निदान काळे होते. एकच पीक, झपाट्याने वाढणारी लोकसंख्या, वांशिक ताण. मजुरी आवरा, नाहीतर बेकारी गिळून टाकील. आम्ही वर्गात हे शिकवत असू, त्यामुळे ते बेट पाहताना मीड माझ्या शेजारी बसल्यासारखे वाटत होते. देश बुडाला नाही. त्याने १९५८ मध्येच उत्पन्नाची अट न घालता सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन दिले. १२ मार्च १९६८ ला, दांडीयात्रेच्या दिवशी, स्वातंत्र्य मिळाले. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. सरकारी इस्पितळे मोफत. आपल्याकडचे अर्थमंत्री ‘आधी वाढ, मग वाटप’ हा पाढा म्हणतात. त्यांनी हे उदाहरण कधी तरी शेवटपर्यंत वाचावे. हे हक्कही कायमचे कोरलेले नाहीत. २०२५ च्या अंदाजपत्रकात निवृत्तिवेतनाचे वय साठवरून टप्प्याटप्प्याने पासष्टवर नेण्याची घोषणा झाली आणि लोक रस्त्यावर उतरले.

समाजवाद्यांविषयी एक कडू गोष्टही सांगतो. १९८२ च्या निवडणुकीत तेथील डाव्या आघाडीने मुख्य बेटावर थेट निवडून द्यायच्या साठांपैकी साठ जागा जिंकल्या. पुढच्याच वर्षी सरकार फुटले. १९७९ मध्ये दिल्लीत काय झाले ते आठवणाऱ्यांना यावर भाष्याची आवश्यकता नाही.

आणि आपल्या लोकांच्या यशोगाथेत एक प्रकरण नेहमी गाळले जाते. गुलामांचे वंशज असलेले क्रिओल लोक जमिनीच्या त्या वाटपात मागे राहिले. १९९९ साली काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटले. ले मोर्नचा डोंगर हे पळून गेलेल्या गुलामांचे आश्रयस्थान होते. फेटा बांधून घेणाऱ्या पाहुण्यांनी तेथेही जाऊन यावे.

१९७० साली मॉरिशसने निर्यात क्षेत्राचा कायदा केला. कर माफ, कामगार कायदे सैल. योगायोग असा की त्याच १९७० साली आपल्याकडे कंत्राटी कामगारांचे नियमन व निर्मूलन करण्याचा कायदा झाला. निर्मूलन किती झाले ते बाहेर नाशिक रस्त्यावर सकाळी सात वाजता उभे राहून मोजता येते! मॉरिशसमध्ये हाँगकाँगचे आणि साखरसम्राटांचे भांडवल कपड्यांत आले, हजारो स्त्रिया कारखान्यांत गेल्या, १९९० च्या सुमारास बेकारी जवळजवळ संपली. मग स्थानिक माणूस त्या मजुरीवर मिळेना, तेव्हा मालकांनी बाहेरून माणसे आणली. आज कापड कारखान्यांच्या वसतिगृहांत बांगलादेश, भारत, मादागास्करचे तरुण मुदतीच्या करारावर राहतात. एका वसतिगृहाबाहेर बांगलादेशी मुलांशी मोडक्या हिंदीत बोललो. करार संपला की परत, मालक बदलायचा तर परवानगी, कर्ज काढून दलालाला दिलेले पैसे अजून फिटायचे. गिरमिटियांच्या नातवंडांचा देश आता गिरमिटिये आणवतो. मला हे पाहून राग आला, आणि त्या देशाहून अधिक त्या व्यवस्थेचा आला.

याच बेटावर एबेन नावाचे नवे नगर आहे, काचेच्या इमारतींचे. तेथे एकेका दारावर कितीतरी कंपन्यांच्या पाट्या पाहिल्या. १९८२ साली भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्यानुसार मॉरिशसच्या कंपनीने भारतात समभाग विकून कमावलेल्या नफ्यावर भारतात कर नसे, आणि तेथेही तो नसे. तेव्हा लंडन-न्यूयॉर्कचा, आणि फिरून आलेला आपलाही पैसा, मॉरिशसचा पत्ता लावून भारतात येऊ लागला. आपल्याकडील परकीय गुंतवणुकीत हा चिमुकला देश अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर होता. ‘आझादी बचाओ आंदोलना’ने याविरुद्ध न्यायालयात लढा दिला, २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. अखेर २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांना ती सूट राहिली नाही.

हे दोन करार शेजारी ठेवा. माणसाने केलेला करार त्याला मळ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हता. वणवण कायद्याखाली परवान्याविना फिरणारा मजूर तुरुंगात जाई. भांडवलाने केलेला करार त्याला दोन्ही देशांच्या कर अधिकाऱ्यांपासून सोडवून नेत होता.

शेवटी आपल्या कामाचे. मोक्याच्या नोंदवह्या पाहताना माझ्या मनात भोसरी होती. वसाहती सरकारने गिरमिटियाची उंची इंचांत मोजून ठेवली, म्हणून दीडशे वर्षांनी त्याचा पणतू आपले गाव शोधू शकतो. आपल्या पट्ट्यात एकाच यंत्रावर बारा-पंधरा वर्षे उभा राहिलेला माणूस आहे, त्याचे २४० दिवस कधी भरू दिलेले नाहीत. सातव्या महिन्यात ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवा गेटपास. कारखान्याच्या कोणत्याही कागदावर तो सलग असा कधी नव्हताच. न्यायालयात आपण हरतो ते येथे.

म्हणून माझी सूचना अशी की ही नोंदवही आपण ठेवावी. नाव, गाव, तालुका, कोणत्या खात्यात काम, कोणत्या ठेकेदारामार्फत, रुजू होण्याची तारीख, प्रत्येक ब्रेकची तारीख, आणि जुने गेटपास असतील तर त्यांची छायाचित्रे. परप्रांतीय सोबत्यांची नोंद त्यांच्या भाषेत घेता येईल असे दोघे-तिघे हिंदी-ओडिया जाणणारे कार्यकर्ते लागतील. रकाने आखलेली एक वही मी आणली आहे. लांडेवाडीपासून सुरुवात करावी आणि पहिल्या शंभर नोंदी झाल्या की आपण पुन्हा येथे बसावे. अक्षर माझे बरे आहे. लिहिण्यासाठी रविवारी सकाळी मी मोकळा असतो.